पायाखालचं एन्टर

"मॅडम, मी काहीच केलं नाय, आपोआप झालं."

दुरुस्तीच्या धंद्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गिऱ्हाईक दारात दिसलं की मीच म्हणते, "आपोआप झालं ना? बसा." आपोआप काहीच होत नसतं. कुणीतरी चहा सांडलेला असतो, कुणी पिन उलटी खुपसलेली असते, कुणाच्या भाच्याने गेम उतरवलेला असतो. मी विचारत नाही. उघडल्यावर दिसतंच.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. या अंकाच्या संपादकांनी फोन करून अनुभव लिहायला सांगितलं. "स्त्री असून तुम्ही या क्षेत्रात" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. स्क्रू ड्रायव्हरला त्यातलं काही कळत नाही, असं मी त्यांना सांगितलं. लिहायला मात्र हो म्हटलं, कारण हल्ली बसून करायचं कुठलंही काम मला बरं वाटतं. पाठ बोलते, डोळ्यांना सर्किटवरचे बारीक सांधे दिसत नाहीत. लोकही आता दुरुस्त करून घेत नाहीत, नवीन घेतात. जे येतात ते अडलेले असतात, आणि अडलेला माणूस घाईत असतो.

सगळं सांगत बसत नाही. एका डबीबद्दल सांगते.

आगपेटीपेक्षा लहान वस्तू. दुकानदारांच्या यादीत तिला सिरियल अडॅप्टर म्हणतात. तिच्या एका बाजूला दोन-तीन बारीक तारा, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरमध्ये घालायची पिन. तारांमधून आज्ञा येतात त्या एकामागे एक, खाचराच्या बांधावरून माणसं चालतात तशा. डबी त्या ऐकते आणि कॉम्प्युटरला सांगते, आत्ता कीबोर्डवरची अमुक कळ दाबली, आता सोडली. माऊस थोडा उजवीकडे सरकला, आता क्लिक झालं. कॉम्प्युटरला वाटतं, साधा कीबोर्ड आणि साधा माऊस लावलाय. बोट कुणाचं, की बोटच नाही, हे त्याला कळत नाही. त्यात काही प्रोग्राम घालावा लागत नाही, म्हणून जिथे कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी नसते तिथेही ती चालते. परवानगी मी तरीही लेखी घेते. दुसऱ्याच्या यंत्रात आपली पिन घालायची म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं आहे.

पहिल्यांदा ही डबी मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लावली. तिथे माल ताणून तपासायचं जुनं मशीन होतं. त्याचा आकडा एका पडद्यावर दिसायचा आणि एक मुलगी तो बघून शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये टाइप करायची. दिवसभर तेच. मशीनच्या मागे तारेचं तोंड होतंच, कुणी वापरत नव्हतं. मी तारा जोडल्या, आकडे आपले आपण उमटू लागले. सुपरवायझर खूश, मालक खूश. मीही खूश होऊन घरी आले. पुढच्या महिन्यात बारीकसारीक कामाला गेले तर त्या खुर्चीवर पुठ्ठ्याचे खोके ठेवलेले.

"ती कुठे गेली?" मी विचारलं.

"कोण?" सुपरवायझर म्हणाला. "हां, ती. तिचं काय काम राह्यलंच नाय ना मॅडम."

माझं काम उत्तम झालं होतं, याचा याहून चांगला पुरावा नव्हता. त्यानंतर असं काम आलं की आधी विचारते, आत्ता हे कोण करतं आणि नंतर ते काय करणार. लोकांना वाटतं बाई भोचक आहे.

दुसरा नमुना आसनगावचा. कुठल्याशा मोठ्या कंपनीत घरून काम करणारा तरुण. दुकानात आला आणि दारात कुणी आहे का बघून हळूच म्हणाला, "मॅडम, माऊस हलता ठेवायचाय."

"म्हणजे?"

"माऊस जरा वेळ हलला नाय का कंपनीला दिसतं, मी जाग्यावर नाय. तुमची ती डबी लावली तर तो आपला हलत राहील."

"आणि तू कुठे असणार?"

त्याने हातांकडे बघितलं. तळव्यांना फोड आले होते. "कापणी चाललीय ना घरची. आईला एकटीला उरकत नाय."

"मग रजा टाक."

"टाकली होती मागं. साहेब म्हणाले, गावाला शेती आहे तर नोकरी कशाला करतोस? आणि आई म्हणते, नोकरी आहे म्हणून शेतात यायला लाज वाटते का रे तुला? आता तुमीच सांगा, मी कुठं हलू?"

मला हसू आलं, पण डबी दिली नाही. हे काम मी करत नाही. तो रागावून गेला, आणि दुसरीकडून करून घेतलं असणार. असल्या कामांना करणारे मिळतात.

आता विलासचं सांगते.

विलास जाधव शेणव्याच्या पुढच्या एका गावातला. तिथल्या सोसायटीत कॉम्प्युटरवर होता. भाताची सरकारी खरेदी सुरू झाली की शेतकऱ्यांच्या नोंदी तोच करायचा. मोटारसायकल घसरून मानेला मार बसला. डॉक्टरांनी जे सांगितलं त्याचा मला कळलेला अर्थ असा की पाय वाचले, हात गेले. तो चालतो, पायऱ्या चढतो, बोलतो. हात मात्र खांद्यापासून नुसते लोंबतात, कोपर जरासं उचलतं, बोटं काही धरत नाहीत. घरात बायको सुनंदा, दोन शाळकरी मुली आणि त्याचे वडील. पगार येणारा माणूस तो एकटाच. सुनंदा शिवणकाम करते, पण गावात ब्लाउज शिवून पाच माणसांचं घर चालत नाही.

ती दोघं दुकानात आली ती जीपने. "जय भीम ताई," तो म्हणाला आणि उभाच राहिला. मी खुर्ची पुढे केली.

"बसून बसून कंटाळलोय," तो म्हणाला. "कामाचं बोलू."

सोसायटीच्या कमिटीने सांगितलं होतं, या हंगामात जमलं तर ठीक, नाहीतर कल्याणच्या एजन्सीचा ऑपरेटर घ्यायचा. एजन्सीचा माणूस तयारच होता. खरेदीच्या पहिल्या दिवशी विलासने सगळ्यांसमोर काम करून दाखवायचं असं ठरलं होतं. सोसायटीचा कॉम्प्युटर कुलूपबंद, काही नवीन घालता येत नाही, त्याचा पासवर्ड जिल्ह्याच्या कचेरीत.

"पाय चालतात ना?" मी विचारलं.

"पायानं काय टाइप करू?"

"हनुवटी?"

सुनंदा हसायला लागली. "ताई, हनुवटी तर लय चालते. घरी दिवसभर तीच चालते."

मी पेटी बनवली. त्यात हनुवटीने ढकलायची लहान दांडी होती, गेमच्या रिमोटला असते तशी. दांडी जिकडे झुकेल तिकडे माऊसचा बाण जायचा. क्लिकसाठी कोपराखाली मोठं बटण आणि एन्टरसाठी पायाखाली पेडल. पेडल सुनंदाच्या शिलाई मशीनच्या मोटरचं होतं. ती पुन्हा हाताने चाक फिरवायला लागली. हे सगळं पेटीत जाऊन तारांवाटे डबीत, आणि डबी कॉम्प्युटरमध्ये. आकडे टाकायला विंडोजमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड असतोच, त्यावर क्लिक करायचं. पेटीला वीज लागते, ती मी मोबाइलच्या चार्जरवरून भिंतीतल्या प्लगमधून दिली. डबीला वेगळी वीज लागत नाही, ती कॉम्प्युटरमधूनच घेते. ही बाब पुढे महत्त्वाची आहे.

विलासने घरी माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर सराव केला. सुरुवातीला हनुवटी सोलवटली. सुनंदाने दांडीला मऊ कापड शिवून दिलं. हळूहळू तो असा सरावला की मी फोन केला तर म्हणायचा, "थांबा ताई, बाण जाग्यावर ठेवतो, मग बोलतो."

सोसायटीचा प्रोग्राम जुना आहे पण शहाणा आहे. पोतं ठरलेल्या वजनाचंच भरतात, म्हणून शेतकऱ्याचं नाव एकदा निवडलं की वजन आपलं आपण दिसतं. तोलावरून पोतं उतरलं, एन्टर दाबा. पुढचं पोतं, एन्टर. प्रत्येक पोत्याची ओळ शेजारच्या प्रिंटरवर खरखरत उमटते. विलासला यात फार फायदा होता. निम्मं काम पायाने.

खरेदीच्या दिवशी मी स्कूटरवरून गेले. दिवाळी होऊन गेली होती तरी आभाळाचं काही खरं नव्हतं. आवारात पोत्यांच्या थप्प्या, टेम्पो, माणसं. सोसायटीचे सचिव भोईरभाऊ म्हणजे वयस्क, जाड चष्म्याचा, कुठलीही गोष्ट दोनदा विचारणारा माणूस. त्यांनी मला विचारलं, "शॉक तर नाय ना बसणार?" थोड्या वेळाने परत विचारलं, "नक्की नाय ना?"

काम सुरू झालं. लोक खिडकीतून डोकावत होते. "अरे हा तर देवाला नमस्कार केल्यासारखा मान हालवतोय," कुणीतरी म्हणालं. विलास मान न वळवता म्हणाला, "नंबर तुजाच हाय पुढचा, मी मान नाय हालवली तर उद्या ये." खिडकीत हशा पिकला. एजन्सीवाल्याइतकं भरभर नव्हतं, पण तोलणाराच त्याहून सावकाश होता, त्यामुळे कुणाला थांबावं लागलं नाही. भोईरभाऊ दर पोत्याला पावतीचा कागद उचलून वाचत होते आणि चूक सापडत नव्हती.

दुपारी हिराबाई नावाच्या म्हातारीचा नंबर लागला. तिचा मुलगा बाहेर तोलापाशी, ती आत बाकावर. निम्मी पोती झाली आणि सिद्धगडाच्या अंगाने आभाळ काळं झालं. मग एकदम वीज कडाडली.

पुढचं समजायला इथली एक रीत माहीत हवी. आमच्याकडे वीज कडाडली की भिंतीतल्या सगळ्या पिना काढतात. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, चार्जर. मीटरवरून वीज येते आणि सगळं जाळते, हे लहान पोरालाही माहीत असतं. कुणी कुणाला सांगत नाही. जो भिंतीजवळ असेल तो काढतो. मी माझ्या घरी तेच करते.

बाहेर एकच गडबड उडाली. "ताडपत्री! ताडपत्री!" भिजलेलं भात घेत नाहीत. भोईरभाऊसुद्धा धोतर सावरत धावले. मी एक टोक धरलं, कारण ते धरायला कुणी नव्हतं. शिपाई काशिनाथ धावत आत गेला, भिंतीतल्या सगळ्या पिना सटासट ओढल्या आणि परत ताडपत्रीला आला.

त्या क्षणी विलासचा पाय पेडलवर होता.

कॉम्प्युटर आणि प्रिंटर यूपीएसवर चालू राहिले. पेटी मेली. डबीला शेवटचं ऐकू आलं होतं ते "एन्टर दाबलं". "सोडलं" हे सांगणारी पेटी आता नव्हती. डबीला डोकं नसतं. तिने एन्टर दाबून धरलं. कॉम्प्युटरला वाटलं, पोती येताहेत. हिराबाईच्या नावावर ओळीमागे ओळ, आणि प्रिंटरमधून कागद.

विलासने पाय उचलला. काही फरक नाही. दांडी ढकलली, बाण मेलेला. खरा कीबोर्ड समोर होता, त्यावर कोपर आपटलं, तरी पोती थांबेनात. आमच्या नावाने हाका मारल्या. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारचं बोलणं मला कळत नव्हतं.

खोलीत फक्त हिराबाई होती. पुढचं तिने मला सांगितलं.

"मला म्हणतो, आजी ती वायर ओडा, बारकी वायर, तीच, ओडा. मी म्हटलं, नाय रं बाबा! वर इजा पडतात नि मी वायरीला हात लावू? म्हातारीला मारतोस का? तर म्हणतो, आजी, माजी नोकरी चाललीय. मी म्हटलं, नोकरी जाईल तर जाईल, जीव ऱ्हाईल. तवा उठला बघ. वाकला. नि तोंडात धरली वायर, दातात. मी डोळंच मिटलं."

खिडकीतून प्रिंटरचा कागद जमिनीवर उतरत राहिलेला दिसला म्हणून मला शंका आली आणि मी ताडपत्री सोडून आत पळाले. विलास टेबलापाशी उभा होता. तोंडात तार, तारेच्या टोकाला डबी लोंबत होती. जमिनीवर कागदाची घडी. प्रिंटरने राहिलेली ओळ ओढली आणि गप्प बसला. यूपीएस मात्र कुईं कुईं करत होता.

हिराबाईने डोळे उघडले, जमिनीवरचा कागद बघितला. "एवडं सगळं माज्या नावाचं? माजं एवडं भात कुटं पिकलं गो?"

मी विलासच्या तोंडातून तार काढून घेतली. ओठ फाटला होता. तो खुर्चीत बसला.

मग भोईरभाऊ आले, भिजलेले. कागद बघून त्यांनी चष्मा पुसला आणि परत बघितला. "हे काय झालं?" मग परत विचारलं, "काय झालं हे?"

काशिनाथला कळेना आपण काय केलं. "पिना काढल्या. कडाडल्यावर काढायच्याच. हे काय आज सांगायला पायजे?"

"एजन्सीवाल्याच्या हातून असं झालं असतं का?" भोईरभाऊ मला म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "त्याच्या हातून दुसरं काहीतरी झालं असतं."

दुरुस्ती सोपी होती, आणि सोप्या दुरुस्तीचा मला नेहमीच राग येतो. पेटीची वीज भिंतीतून न घेता कॉम्प्युटरमधूनच घेतली. आता डबी नि पेटी एकाच विहिरीवर. जगल्या तर दोघी, मेल्या तर दोघी. एकीच्या माघारी दुसरीने कळ दाबून धरायचा प्रश्नच नाही. शिवाय पेडल कितीही वेळ दाबून धरलं तरी "दाबलं" आणि "सोडलं" एकाच दमात जाईल असं करून टाकलं. घरी बसून दोन्ही केलं. वीज जाईल हे मी धरलं होतं. माणसं आपल्या हाताने वीज काढतील, हे इथे जन्म काढूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भात ओलसर म्हणून खरेदी बंद होती. मी पेटी घेऊन गेले. कमिटी संध्याकाळी बसणार होती. भोईरभाऊंचं तोंड उतरलेलं. हिराबाईच्या नावावरची जादा पोती एकेक करून रद्द करायची होती, सगळी एकदम रद्द करायची सोय त्या शहाण्या प्रोग्राममध्ये नव्हती.

"मी करतो," काशिनाथ म्हणाला. त्याला कॉम्प्युटर येत नव्हता.

"मीच करतो," विलास म्हणाला आणि ओठाला लावलेली पट्टी सुनंदाकडून काढून घेतली, दांडीला अडकत होती.

एक पोतं रद्द करायचं तर ओळ निवडायची, कारण निवडायचं, मग सचिवांचा पासवर्ड. कारणांची यादी पडद्यावर उघडली. तांत्रिक अडचण. ऑपरेटरची चूक. इतर.

भोईरभाऊ मागून वाकले. "तांत्रिक अडचण कर. वर कोण वाचतंय?"

बाण तिथे गेला नाही. "नको भाऊ. तांत्रिक लिवलं तर वरून इचारतील, कसलं यंत्र लावलंय, काढा ते. ऑपरेटरची चूक टाकतो. ऑपरेटर चुकला तर ताकीद देतात."

मला राहवलं नाही. "विलास, चूक तुझी नाहीच. लिहायचीच तर माझी लिही."

"ताई, तुमी सोसायटीच्या नोकरीत हाय का?"

"नाही."

"मग तुमाला चुकता यायचं नाय."

सुनंदा खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलले, हसली की काय ते मला दिसलं नाही.

विलासने क्लिक केलं. ऑपरेटरची चूक. खाली आणखी एक चौकट उघडली, ऑपरेटरचं नाव. तिथे भोईरभाऊंचं नाव होतं. विलासचं अजून ठरलेलं नव्हतं, म्हणून कालच्या सगळ्या नोंदी भाऊंनी स्वतःच्या नावाने उघडून दिल्या होत्या.

"भाऊ," विलास म्हणाला, "हे असंच ठेवू?"

भोईरभाऊंनी वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. एवढी पोती, प्रत्येकापुढे चूक, आणि प्रत्येकापुढे त्यांचं नाव. नाहीतर दुसऱ्या कुणाचं, पण ते नाव टाकायचं म्हणजे काल या खुर्चीवर ऑपरेटर कोण होता ते लिहून द्यायचं.

त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. एका बोटाने अक्षरं शोधत शोधत त्यांनी नाव टाइप केलं. विलास. मग थांबून वडिलांचं नाव विचारलं, तेही टाकलं. मग आडनाव. पासवर्ड मारला.

"ताकीद मिळेल हां तुला," ते म्हणाले.

"द्या की," विलास म्हणाला. "लेखी द्या."